जहाजावर उपाशी चढू नका

"काही खाऊन नका जाऊ बरं का! पोट रिकामं ठेवा, मंग बोट लागतच नाही."

आमच्या शिरपुरातून क्रूझला निघालेल्या जवळपास प्रत्येकाला हा सल्ला मिळतो. देणारा बहुधा असा असतो की त्याने समुद्र पाहिला तो गिरगाव चौपाटीवर भेळ खाता खाता. पण सांगण्याचा थाट मात्र तीस वर्षं आगबोट हाकल्याचा. ऐकणाराही मान डोलावतो, आदल्या रात्री गाडीत जेवत नाही, सकाळी नुसता चहा घेतो आणि दुपारी बंदरावरच्या रांगेत घामाघूम होऊन उभा राहतो. मग जहाज सुटल्यावर मळमळलं की दोष पुन्हा समुद्राला.

क्रूझ ही काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडे अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या फोटोंत दिसणारी गोष्ट होती. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागली आणि चित्र पालटलं. अकोल्याहून रात्री विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ. ज्यांना स्वतःच्या गाडीनेच जायचंय त्यांना आमच्या जवळच्या मालेगावहून समृद्धी महामार्ग आहे, तो जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यामुळे लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, सेवानिवृत्तीचे पैसे, नातवंडांच्या सुट्ट्या, असं कोणतंही निमित्त आता पुरतं. गिऱ्हाईक वाढलं तसे सल्लागारही वाढले.

तर मुद्दा पोटाचा. बोट लागते ती पोटामुळे नाही, कानामुळे. आपल्या कानाच्या आत, अगदी खोलवर, तोल सांभाळणारं एक इंद्रिय असतं. त्यातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. आपण हललो की तो हलतो आणि मेंदूला हालचालीची खबर जाते. जहाजाच्या खोलीत बसल्यावर डोळ्यांना भिंत, पलंग, टीव्ही सगळं स्थिर दिसतं. कान मात्र सांगत राहतो की आपण वर-खाली होतोय. दोन साक्षीदारांची साक्ष जुळत नाही म्हटल्यावर मेंदूचा गोंधळ उडतो, आणि त्या गोंधळाची शिक्षा पोट भोगतं. घाटात गाडी लागते तेही याच कारणाने. चालवणाऱ्याला सहसा ती लागत नाही, कारण वळण कधी येणार हे त्याच्या डोळ्यांना आणि हातांना आधीच ठाऊक असतं. त्याने काय उपाशीपोटी स्टेअरिंग धरलेलं असतं?

एवढ्यावरही ज्यांचा विश्वास बसत नाही, त्यांच्यासाठी एक जुना प्रयोग. अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस नासा आणि तिथल्या नौदलाने गॅलॉडेट कॉलेजमधले अकरा कर्णबधिर पुरुष संशोधनासाठी निवडले. त्यातल्या दहा जणांचं ऐकणं लहानपणी मेंदूज्वरासारख्या आजारात गेलं होतं आणि त्याबरोबर आतल्या कानाचं तोल सांभाळणारं कामही बंद पडलं होतं. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाजवळ खवळलेल्या समुद्रात या मंडळींना बोटीतून नेलं. ती निवांत पत्ते कुटत बसली. त्यांच्यावर नोंदी करायला आलेले संशोधकच इतके आडवे झाले की प्रयोग आवरता घ्यावा लागला. पोट दोन्ही बाजूंना होतंच. फरक होता तो कानाचा.

आता कुणी म्हणेल, कारण काहीही असो, पोटात काही नसेल तर बाहेर काय पडणार? बरंच काही. रिकाम्या पोटी मळमळ थांबत नाही, फक्त कोरडे उमासे येतात, आंबट पित्त घशाशी येतं, आणि उलटी झाल्यावर जो थोडा आराम पडतो तोही मिळत नाही. शिवाय शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं. प्रवासी आरोग्याविषयीची जगभरातली वैद्यकीय माहिती पाहा, अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेची किंवा ब्रिटनच्या एनएचएस या आरोग्यसेवेची: कमी-कमी, पण वारंवार खा, पाण्याचे घोट घेत राहा, दारू टाळा, असाच सूर दिसेल. टाळायचं आहे ते तुडुंब जेवण आणि तेलकट, मसालेदार पदार्थ. म्हणजे वऱ्हाडी जेवणावळीसारखं जेवून जहाजावर चढू नका हे खरं, पण त्याचा अर्थ उपवास असा होत नाही.

मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत हा सल्ला नुसता चुकीचा नाही, घातक आहे. सकाळची इन्सुलिन किंवा साखरेची काही विशिष्ट औषधं घ्यायची, वर काही खायचं नाही आणि बॅगा ओढत तास-दोन तास रांगेत उभं राहायचं. साखर धोकादायक पातळीवर उतरायला एवढं पुरेसं आहे. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते. आजूबाजूचे म्हणतात, "बघा, बोट लागली." बोट अजून धक्क्यालाच बांधलेली असते!

गोळ्यांबद्दलही असाच घोळ. एसटीत वर्षानुवर्षं चालत आलेली 'गाडीची गोळी', म्हणजे प्रोमेथाझिनच्या जातीची, काम करते. पण ती निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते. उलट्या सुरू झाल्यावर गिळलेली गोळी पोटात टिकते कुठे? या गोळीने गुंगी येते, दारूबरोबर ती आणखी वाढते, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना ती द्यायची नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांनी स्वतःहून घेऊ नये. याहून गंमत त्या दुसऱ्या गोळीची, जी हल्ली प्रत्येक घरात असते: उलटीवरची ऑन्डान्सेट्रॉन. केमोथेरपीनंतरच्या किंवा पोटाच्या संसर्गातल्या उलट्यांना ती उत्तम. पण प्रवासातल्या मळमळीवर तिचा उपयोग नाही, हे सीडीसीच्या प्रवासविषयक मार्गदर्शिकेत सरळ लिहिलेलं आहे. औषध चांगलं असलं तरी ते त्या दुखण्याचं हवं ना! आल्याचा तुकडा किंवा आलेपाक चघळायला हरकत नाही, काहींना बरं वाटतं, संशोधनाचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. जी मंडळी धर्माने आलं खात नाहीत, त्यांचं त्यावाचून काही अडणार नाही. मळमळू नये म्हणून बुडाखाली वर्तमानपत्र ठेवून बसण्याने वर्तमानपत्र चुरगळतं, एवढाच त्याचा परिणाम.

खरा उपयोग होतो तो जागेचा. जहाज मधल्या भागात, पाण्याच्या पातळीजवळच्या मजल्यांवर सर्वांत कमी हलतं. टोकाला आणि वरच्या मजल्यांवर जास्त. म्हणजे ज्याला बोट लागण्याची धास्ती आहे त्याने जास्त पैसे मोजून सर्वांत वरची, पुढच्या टोकाची बाल्कनीची खोली घेणं हे पैसे देऊन त्रास विकत घेणं. आधुनिक जहाजांच्या दोन्ही कुशींना पाण्याखाली पंखांसारखी पाती असतात, ती डाव्या-उजव्या बाजूचं डोलणं बरंच कमी करतात. पुढचं-मागचं टोक वर-खाली होतं त्यावर मात्र त्यांचा फारसा इलाज नाही. मळमळू लागलं तर खोलीत जाऊन मोबाइलवर रील बघत पडू नका. उघड्या डेकवर या, दूर क्षितिजावर नजर ठेवा. क्षितिज स्थिर असतं आणि जहाज हलताना दिसतं, त्यामुळे डोळा आणि कान पुन्हा एकमताने बोलू लागतात. ते शक्य नसेल तर डोळे मिटून उताणं पडा, डोकं हलू देऊ नका.

आणि हो, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याला आयुष्यभर समुद्र लागत राहिला. डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षं 'बीगल' जहाजावर होता आणि शेवटपर्यंत त्याची मळमळ काही गेली नाही. त्याला त्या काळात थोडेफार मनुके चालायचे. थोडेफार का होईना, खाल्लेच ना त्यानेही! साधारण दोन ते बारा वर्षांची मुलं, गरोदर स्त्रिया आणि अर्धशिशीचा त्रास असणारे यांना हा त्रास जास्त होतो, पन्नाशीनंतर तो बहुधा कमी होतो. म्हणजे ज्या आजीच्या काळजीने सगळं घर अर्धमेलं झालेलं असतं ती मस्त डेकवर बसलेली आणि नातू आडवा, असं दृश्य अगदी शक्य आहे.

दुसरा गैरसमज कमी ऐकू येतो पण जास्त चिडवतो. तो म्हणजे निघताना जी सुरक्षेची कवायत होते ती नुसती औपचारिकता आहे, तेवढ्यात आपण फोटो काढून घ्यावेत. महाराष्ट्रातल्या माणसाने तरी असं म्हणू नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणात आजही तो दिवस विसरलेला नाही. हे जुनं झालं म्हणाल, तर १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे आलिशान जहाज खडकावर आदळून कलंडलं, ३२ जण मेले. त्या दिवशीच चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला: २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं बंधनकारक आहे. तुमच्या ओळखपत्रावर किंवा खोलीच्या दारामागे जमण्याच्या ठिकाणाचा क्रमांक असतो. तो पाठ करा, तिथवर जिन्याने एकदा चालत जाऊन या, लाइफ जॅकेटचे बंद स्वतः बांधून बघा. "मला पोहता येत नाही" ही त्यासाठी अडचण नाही. जॅकेट न पोहणाऱ्यांसाठीच असतं.

उरलेले किरकोळ.

जहाज किनाऱ्यापासून दूर जातं म्हणून पासपोर्ट लागतोच, हे खरं नाही. मुंबई–गोव्यासारख्या देशांतर्गत फेरीला आधार किंवा मतदार ओळखपत्र चालतं. श्रीलंकेला वगैरे जाणार असाल तर अर्थातच पासपोर्ट हवा, आणि लक्षद्वीपच्या बेटांवर उतरायला प्रवेशपरवाना लागतो, तो सहसा कंपनीच काढते. बुक करताना विचारून घ्या.

तिकिटात सगळं आलं, हाही भ्रम. मुख्य उपाहारगृहातलं जेवण, कार्यक्रम, पोहण्याचा तलाव हे बहुधा आलं. दारू, खास उपाहारगृहं, वायफाय, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली हे बहुधा नाही. खर्च खोलीच्या कार्डावर चढत जातो, त्यामुळे शेवटच्या दिवशी बिल बघून तोंड उतरतं.

"समुद्रात नेटवर्क येतं, मी बोललो तिथून." बोलला असाल, पण किनारा सुटल्यावर फोन धरतो ते जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क, आणि त्याचे दर रोमिंगचे. फोन एअरप्लेन मोडवर टाका.

क्रूझ म्हणजे जुलाब-उलट्यांचं माहेरघर, असं म्हणणाऱ्यांसाठी: नोरोव्हायरसच्या नोंदलेल्या एकूण साथींपैकी जहाजांवरच्या साथी सुमारे एक टक्का आहेत, हे सीडीसीचं म्हणणं. मात्र सॅनिटायझर या विषाणूवर फारसा चालत नाही. जेवणाआधी साबण-पाण्याने हात धुवा.

जैन जेवण मिळतच नाही, हा आमच्या गावचा खास गैरसमज. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर ते मिळतं, कंपनी तशी जाहिरातच करते. न विचारलेला प्रश्न असतो तो वेळेचा. ज्यांना सूर्यास्तापूर्वी जेवायचं आहे त्यांनी रात्रीचं जेवण किती वाजता सुरू होतं ते बुकिंगच्या वेळीच विचारावं आणि लेखी सांगून ठेवावं. जहाजावर पोहोचून वाढप्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. घरचे डबे भरून नेण्याच्या भानगडीतही पडू नका, शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर आत सोडत नाहीत. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री आणि पाण्यात घालायची सळईही तपासणीतच बाहेर काढून ठेवतात, आगीच्या भीतीने.

खिडकी नसलेल्या खोलीत गुदमरत नाही, हवा यंत्राने खेळती असते. आणि गोव्यात उतरून स्वतःच्या टॅक्सीने फिरायला गेलात, परतायला उशीर झाला, तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. शिरपूरची एसटीही थांबत नाही, तर ते काय थांबणार!

उतरल्यावर एक-दोन दिवस घरची जमीन डोलल्यासारखी वाटेल. मेंदू समुद्राला सरावलेला असतो, त्याला परत यायला वेळ लागतो. बहुतेकांचं आपोआप थांबतं. आठवडे झाले तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

तेव्हा पुढच्या सुट्टीत जाणार असाल तर एवढं करा. नेहमीची औषधं मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग खोलीवर उशिरा पोहोचते. गाडीची गोळी घ्यायची का, कोणती, किती, हे आपल्या डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारा. आणि सकाळी सीएसएमटीवर उतरलात की कुणी काहीही सांगितलेलं असो, आधी दोन इडल्या खा.