विश्लेषण : घरीच फिश टँक बनवताय? काच किती जाड, पाणी कुठलं?

न्हावा शेवा : खाडी दारात असताना फिश टँकला नळाचं पाणी कशाला, असा प्रश्न इथं अनेकांना पडतो. पाण्याआधी काचेचा हिशेब पाहू.

काच किती जाड?

६० × ३० × ३० सेंमी टाकीला ६ मिमी काच घ्या. तुकडे पाच : तळ, पुढची व मागची काच प्रत्येकी ६० × ३०, बाजूच्या दोन २८.८ × ३०. बाजूच्या काचा मध्ये बसतात, म्हणून दोन्हीकडची जाडी वजा केली. २८ सेंमी पाणी भरलं की पुढच्या काचेवर सुमारे २३ किलो वजनाइतका जोर येतो. पाण्याची खोली दुप्पट केली, तर हा जोर चौपट होतो. उंच टाकीला हीच काच चालणार नाही. खडे टाकून भरलेल्या टाकीचं वजन ६० किलोंच्या आसपास जातं, त्यामुळे स्टँड भक्कम हवा.

सिलिकॉन कुठलं?

मत्स्यटाकीसाठीचंच. बाथरूमच्या सिलिकॉनमधलं बुरशीरोधक रसायन माशांना घातक ठरतं. किमान ४८ तास वाळू द्या, मग २४ तास पाणी भरून गळती तपासा.

मासे लगेच सोडायचे?

नाही. नव्या टाकीत मासे मरण्याचं मोठं कारण अमोनिया. माशांची विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून तो तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट, मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. त्या काळात चिमूटभर खाद्य टाकत राहा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच ते वापरा.

खाडीचं पाणी का नको?

गप्पी, गोल्डफिश गोड्या पाण्यातले. खाऱ्या पाण्यात त्यांच्या शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जातं. शिवाय खाडीत गाळ असतो आणि पावसाळ्यात खारटपणा बदलतो. आपला जिताडा दोन्ही पाण्यांत जगतो. पण तो मीटरभर वाढतो, त्याची जागा तळ्यातच.

मासे नकोसे झाले तर?

खाडीत किंवा तलावात सोडू नका, दुकानदाराला परत द्या. टाकीतला सकर मासा असाच देशातल्या जलाशयांत पसरला. जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून परके जीव पसरू नयेत, यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये लागू झाला. बंदरातल्या जहाजाला जो नियम, तोच आपल्या घरच्या टाकीला.