न परतलेल्या डॉक्टरांचे घर

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव निघाले की भारत-चीन मैत्रीचे गोडवे गायले जातात. त्या मैत्रीसाठी एका मराठी कुटुंबाने काय सोसले, ही बाब मात्र मागे पडते. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) हा चित्रपट त्यासाठी पुन्हा पाहावा असा आहे.

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक धाडले. चौघे परतले. न परतलेल्या पाचव्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले आणि त्यावरून ‘राजकमल’ने हा चित्रपट काढला. कोटणीसांची भूमिका खुद्द शांताराम यांनी, तर त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका जयश्री यांनी साकारली. मराठी अभिनेत्रीचे हे चिनी रूप आज जरा खटकते, हे मान्य करावे लागेल.

चित्रपटाने सत्याच्या बाबतीत बरीच मोकळीक घेतली आहे. पडद्यावर डॉक्टर प्लेगवर उपाय शोधण्यासाठी स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करतात. वास्तवात ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराने त्यांचा अंत झाला. चित्रपटाच्या अखेरीस पतीने मृत्युशय्येवर वर्णिलेल्या वाटेने पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन सासरी येते. हा प्रसंग आजही डोळ्यांत पाणी आणतो. पण तसे घडले नव्हते. महायुद्ध नुकतेच संपलेले असताना प्रेक्षकाला रिकाम्या उंबरठ्यावर सोडून देणे शांताराम यांना बहुधा रुचले नसावे.

प्रत्यक्षातील कहाणी अधिक कठोर आहे. कोटणीस चीनमध्ये असतानाच त्यांचे वडील वारले. तरीही रुग्णांना सोडून ते परतले नाहीत. पत्नी क्वो छिंगलान चीनमध्येच राहिल्या, पुढे त्यांनी पुनर्विवाह केला. भारतात त्या आल्या, पण पाहुण्या म्हणून. मुलाचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. वडील गेले तेव्हा तो जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. त्यानेही वैद्यकीय शिक्षणाचीच वाट धरली. परंतु ते पूर्ण होण्यापूर्वीच १९६७ मध्ये त्याचा मृत्यू झाला. क्वो छिंगलान २०१२ मध्ये निवर्तल्या.

इकडे मुंबईत, चिनी नेते आले की कोटणीस भगिनींची भेट घेण्याचा शिरस्ताच पडला होता. २००६ मध्ये अध्यक्ष हू जिंताव यांनी तो पाळला. २०१३ मध्ये तत्कालीन पंतप्रधान ली खछ्यांग आले, तेव्हा भेटीला आलेल्या मनोरमा कोटणीस यांनी नव्वदी ओलांडली होती.