जोडीदाराचा संगणक बदलताना

कोळशाच्या शेगडीची जागा गॅसने घेतली, तेव्हा अनेक घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया ती नवी शेगडी काही दिवस दुरूनच न्याहाळीत असत. त्यांना स्वयंपाक येत नव्हता असे नव्हे. हाताच्या ओळखीची आच एकाएकी परकी झाली होती, इतकेच. घरातील संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना आज पुष्कळ घरांत हाच प्रसंग येत आहे. पतिपत्नींपैकी एकाला नव्याची हौस असते आणि दुसऱ्याला आपले रोजचे काम बिनबोभाट पार पडावे एवढीच अपेक्षा असते. अशा वेळी पहिल्याने दुसऱ्याला साहाय्य कसे करावे, हा प्रश्न यंत्रापेक्षा संसाराशी अधिक निगडित आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र आणि मनुष्य ह्यांच्यामधील कारभारी. कोणती फाईल कोठे ठेवावयाची, प्रिंटरला केव्हा हाक मारावयाची, कोणाला आत येऊ द्यावयाचे, हे सारे तो पाहतो. विंडोज १० हा असाच एक कारभारी जुलै २०१५ मध्ये आला आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याची सर्वसाधारण देखभाल संपली. संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत. परंतु सुरक्षिततेत नव्याने आढळणारी भगदाडे बुजविण्याचे नेहमीचे काम थांबले. आणि ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. त्यानंतरचा विंडोज ११, जो २०२१ मध्ये आला, तो विशिष्ट सुरक्षा-चिप आणि बराच नवा प्रोसेसर मागतो. परिणामी पुष्कळ धडधाकट यंत्रे अपात्र ठरली.

अशा यंत्रांसाठी लिनक्सचा मार्ग खुला आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रथम प्रसिद्ध केला. पुढे त्याची अंतर्गत रचना सर्वांसाठी खुली राहिल्यामुळे त्यावर अनेक प्रणाली उभ्या राहिल्या. त्यांपैकी २००६ मध्ये सुरू झालेली लिनक्स मिंट ही नवशिक्यास विशेष सोयीची. तिचा सिनॅमन नावाचा दर्शनी भाग विंडोजच्या सवयीला फारसा धक्का देत नाही : खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. तिला २ जीबी स्मरणशक्ती किमान लागते. ४ जीबी असल्यास काम सुखाने चालते. तिच्यासाठी मूल्य द्यावे लागत नाही. २०२४ मध्ये आलेल्या तिच्या २२ व्या आवृत्तीची देखभाल २०२९ पर्यंत व्हावयाची आहे.

समजा, इंदुरातील एका मराठी घरात पत्नीला ही विद्या अवगत आहे आणि पती निवृत्तीनंतर गणेशोत्सव मंडळाचे हिशेब सांभाळतात. पत्नीने प्रथम करावयाचे काम म्हणजे आठवडाभर एक वही घेऊन शेजारी बसणे. संगणकात काय काय आहे ह्याची यादी नव्हे, तर पती त्यावर काय काय करतात ह्याची यादी तिने करावी. वर्गणीचा तक्ता, निमंत्रणपत्रिका, बँक, परगावच्या मुलीशी बोलणे, जुनी छायाचित्रे, प्रिंटर. प्रत्येक नोंदीपुढे नव्या प्रणालीतील सोय लिहिता आली, तरच पुढचे पाऊल टाकावे.

बँक, टपाल आणि मुलीशी संभाषण ही बहुधा ब्राउझरमधील कामे. ती जवळजवळ जशीच्या तशी राहतात. तक्ते आणि पत्रे लिबरऑफिसमध्ये उघडतात. मात्र गुंतागुंतीची मांडणी कधी विस्कटते, म्हणून महत्त्वाची कागदपत्रे अगोदर उघडून पाहावीत. मराठीसाठी इनस्क्रिप्टची कळमांडणी मिळते. खरी पंचाईत होते ती युनिकोडपूर्व फॉन्टांत लिहिलेल्या जुन्या मजकुराची. तो फॉन्ट नव्या यंत्रात नसेल, तर पत्रिकेच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि मंडळाचा सारा इतिहास पुसला गेला असे वाटून जीव घाबरा होतो. फॉन्टाची फाईल सोबत नेऊन बसविली, की अक्षरे बहुधा परत दिसू लागतात. ही गोष्ट आधीच सांगून ठेवणे हे निम्मे साहाय्य होय.

काही कामे मात्र अडतात. टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजसाठीच बनविलेला आहे. डिजिटल सहीचे काही टोकनही त्याच वातावरणाची अपेक्षा धरतात. पतीचे पोट वा प्रतिष्ठा अशा एखाद्या कामावर अवलंबून असेल, तर बदलाचा आग्रह धरू नये, हाच खरा सल्ला.

यादी जुळल्यावर सर्व फायलींच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणी कराव्यात आणि त्या दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात. न पडताळलेली प्रत ही प्रत नव्हे. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे खरी. पण ती मुख्यतः प्रणालीला पूर्वस्थितीत आणते, घरच्या छायाचित्रांचा सांभाळ तिच्यावर सोपवू नये. त्यानंतर पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून पाहावी. ह्या प्रयोगात मूळ डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर चालतात की नाही, हे पतीने स्वतः पाहावे आणि मगच होकार द्यावा. प्रणाली बसविताना जुनी डिस्क पुसण्याचा पर्याय समोर येतो; त्या एका कळीपाशी दोघांनी मिळून पुन्हा एकदा प्रतींची खात्री करावी.

बसविण्याचे काम तासाभरात आटोपते. सवय बदलावयास काही आठवडे लागतात आणि त्याच काळात साहाय्यकाची परीक्षा होते. "अहो, सरका जरा, मी करून देते," हे वाक्य प्रेमानेच उच्चारले जाते; परंतु माऊस हातातून गेला की शिकणेही गेले. पत्नीने शेजारी बसावे, बोलून सांगावे, हात मांडीवर ठेवावेत. पहिल्या दिवशी तीनच गोष्टी शिकवाव्यात : फाईल कोठे सापडते, छापावयाची कशी, यंत्र बंद कसे करावयाचे. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिण्याची विद्या, जिची हौशी मंडळींना मोठी ओढ असते, ती तूर्त दूरच ठेवावी. मेनूंची भाषा, अक्षरांचा आकार, पडद्यामागचे चित्र ह्यांची निवड पतीचीच असावी; पासवर्डही त्यांनीच ठेवावा.

आरंभीच एक वचनही द्यावे : महिनाभरात मन रमले नाही, तर मागे फिरण्याची वाट शोधली जाईल आणि त्याबद्दल कोणी टोमणा मारणार नाही. परतीची वाट ठाऊक असलेला मनुष्य पुढे निर्भयपणे चालतो. अर्थात देखभाल संपलेल्या जुन्या प्रणालीवरून बँकेचे व्यवहार करू नयेत, हेही त्याच वेळी स्पष्ट व्हावे.

ह्या साऱ्या उद्योगात पणाला लागते ते मनुष्याचे स्वावलंबन. जो गृहस्थ दहा वर्षे आपले हिशेब आपण लिहीत होता, त्याला छोट्या छोट्या गोष्टींसाठी आतल्या खोलीत हाक मारावी लागू लागली, तर यंत्र कितीही सुरक्षित झाले तरी घराने काहीतरी गमावलेच. म्हणून ह्या कामाचे यश पडद्यावर पाहू नये. एखाद्या संध्याकाळी पत्नी बाहेर गेलेली असावी, परतल्यावर मंडळाचा ताळेबंद छापून मेजावर ठेवलेला दिसावा, आणि मध्यंतरी तिचा फोन एकदाही वाजलेला नसावा. असे घडले, की बदल पूर्ण झाला असे खुशाल समजावे.