सुईणीच्या कामापासून नगरसेविकेपर्यंत

नळाला पाणी कधी येणार, गल्लीतला कचरा कोण उचलणार, दवाखाना कुठे होणार, हे सारे गावच्या पंचायतीत आणि शहराच्या पालिकेत ठरते. या गोष्टींची झळ सर्वांत आधी घरातल्या बाईला लागते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या सभांत तिला जागाच नव्हती. ज्या मोजक्या स्त्रियांनी ती मिळवली, त्यांत अवंतिकाबाई गोखले यांचे नाव घ्यावे लागते.

त्यांचा जन्म 1882 साली इंदूरला झाला. नवव्या वर्षी लग्न झाले. लिहायला-वाचायला त्या शिकल्या त्या लग्नानंतर. पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलात त्यांनी परिचारिकेचे आणि सुईणीचे शिक्षण घेतले. प्रतिष्ठित घरातल्या सुनेने असे काम करणे त्या काळी कमीपणाचे मानले जाई.

1917 मध्ये गांधीजी बिहारमधील चंपारण येथे निळीच्या शेतकऱ्यांसाठी लढत होते. तिथल्या खेड्यांत शाळा काढायला त्यांना स्वयंसेवक हवे होते. अवंतिकाबाई आणि त्यांचे इंजिनिअर पती बबनराव मुंबईहून गेले. 13 नोव्हेंबर 1917 रोजी बडहरवा येथे पहिली शाळा सुरू झाली, ती या दोघांनी सांभाळली. परक्या मुलखात हिंदीतून शिकवायचे कसे, हा प्रश्न होताच. गांधीजींचे म्हणणे असे, की व्याकरणापेक्षा स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवा. अवंतिकाबाईंचा वर्ग आदर्श ठरला, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. घरापासून दूर बेंगळुरूत शिकणाऱ्या आपल्याला हे नक्की समजेल.

1918 साली त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी त्यांनी लिहिलेले गांधीजींचे मराठी चरित्र प्रसिद्ध झाले. त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना होती. 1923 मध्ये त्या मुंबई पालिकेच्या सदस्य झाल्या. सरोजिनी नायडूही तेव्हा पालिकेत होत्या. पुढे स्वातंत्र्यलढ्यात अवंतिकाबाईंनी तुरुंगवासही भोगला. 1949 साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्यासारख्या स्त्रियांनी उघडलेले दार पुढे कायद्याने रुंद केले. कर्नाटकाने 1983 च्या कायद्यात मंडल पंचायती व जिल्हा परिषदांत महिलांसाठी 25 टक्के जागा राखल्या. 1993 मध्ये लागू झालेल्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने देशभर किमान एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्रात 2011 पासून हे प्रमाण निम्मे आहे.

तरीही काही गावांत खुर्ची पत्नीची आणि कारभार पतीचा, असे चित्र दिसते. कायदा जागा देतो. तिथे बसून बोलायला कामाची माहिती आणि धीर लागतो. अवंतिकाबाईंनी तो रुग्णांच्या खाटेपाशी आणि चंपारणच्या शाळेत कमावला होता. सुट्टीत गावी जाल तेव्हा एकदा ग्रामसभेला जाऊन बसा. महिला सदस्य असतील, तर त्या काय मांडतात ते ऐका.