छपरावरील ऊन आणि अंगणांतील गाडी

‘पिकतें तेथें विकत नाहीं’ ही म्हण मीं शाळेंत तीस वर्षें शिकविली. परंतु तिचा पुरा अर्थ मला साठी उलटल्यावर, ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं कन्येच्या घरीं राहिलों असतां कळला. तो वाचकांपुढें ठेवावासा वाटतो. कारण आपल्याकडेहि छपरांवर सौरपटलें बसत आहेत, आणि विजेवर चालणारी मोटार ही आतां नवलाची वस्तु राहिली नाहीं.

सन २०२४ च्या डिसेंबरांत आम्ही उभयतां तेथें गेलों. पहिल्याच सकाळीं संध्येस पूर्वाभिमुख बसलों, तों सूर्यनारायण वर चढतां चढतां उजवीकडे न जातां डावीकडे सरूं लागले! तो दक्षिण गोलार्ध. तेथें मध्यान्हीचा सूर्य उत्तरेस असतो, म्हणून घरांवरील पटलेंहि उत्तरेकडे तोंड करून बसविलेलीं. कन्येच्या छपरावर ६.६ किलोवॅटचीं पटलें आहेत. उन्हाळ्यांतल्या स्वच्छ दिवशीं त्यांपासून तीस-पस्तीस युनिटें वीज मिळते. घराचा खर्च त्याच्या निम्म्याहूनहि कमी.

अंगणांत विजेची गाडी. कचेरीच्या दिवशीं कन्या जाऊन येऊन चाळीस किलोमीटर प्रवास करी, संध्याकाळीं थकून परते आणि निजण्यापूर्वीं गाडी चार्जिंगला लावून देई. एकदां सहज वीजबिल माझ्या हातीं आलें. छपरावरील उरलेली वीज कंपनी दुपारीं ३.३ सेंट दरानें घेत होती, आणि रात्रीं गाडीकरितां २८ सेंट दरानें विकत होती. स्वतःच्या शेतांतलें धान्य दुपारीं मातीमोलानें द्यावें, आणि रात्रीं तेंच आठपट किंमत मोजून घरीं आणावें, असा हा व्यवहार! घराच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या तरुण जोडप्याला तो परवडणारा नव्हता. माझ्यांतला शिक्षक स्वस्थ बसेना.

हा भाव इतका पडला कां, याचें कारण सोपें आहे. व्हिक्टोरिया प्रांतांत २००९ सालीं छपरावरील विजेस उत्तेजनार्थ युनिटास ६० सेंट दर दिला जाई. पुढें पटलें स्वस्त झालीं. आज त्या देशांत सुमारें तीन घरांमागें एका घरावर तीं आहेत. सर्वांचें पीक एकाच वेळीं, भर दुपारीं येतें. मग घाऊक बाजारांत विजेचा भाव कधीं कधीं शून्याच्याहि खालीं जातो. २०२४-२५ सालासाठीं तेथील आयोगानें ठरविलेला किमान दर ३.३ सेंट होता; पुढील वर्षासाठीं तो ०.०४ सेंट, म्हणजे जवळजवळ नाहींच, असें २०२५ च्या फेब्रुवारींत जाहीर झालें.

पुढच्या शनिवारीं गाडी घरीं होती. मीं मोठ्या उत्साहानें दुपारीं ती चार्जिंगला लावली. संध्याकाळीं मीटर पाहिला, तों फजिती! भिंतीवरील यंत्र ३२ अँपिअरचें. तें सात किलोवॅटांहून अधिक वीज ओढतें. छपरावरून त्या वेळीं चार किलोवॅटच येत होती, आणि तींतलीहि कांहीं घरास लागत होती. उरलेली तूट यंत्रानें निमूटपणें कंपनीकडून, २८ सेंटांनींच, भरून काढली. करावयास गेलों गणपति आणि झाला मारुति!

जावयांनीं हंसत हंसत गाडीच्या पडद्यावर प्रवाह १० अँपिअरवर आणून दिला. २३० व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॅट, पांच तासांत साडेअकरा युनिटें. चार्जिंगमधील घट धरून युनिटामागें गाडी सहा किलोमीटर चालते असें मानलें, तर ही जवळजवळ सत्तर किलोमीटरांची सोय झाली. छपरावर वीज किती उरते तें पाहून प्रवाह आपोआप कमीजास्त करणारीं यंत्रेंहि मिळतात. त्यांचा संवेदक मीटरपाशीं बसवितात. मात्र बहुतेक यंत्रें ६ अँपिअरांहून खालीं जात नाहींत. म्हणजे सुमारें १.४ किलोवॅट शिल्लक असल्याखेरीज केवळ उन्हावर त्यांचेंहि चालत नाहीं.

परंतु खरी अडचण यंत्राची नव्हतीच. ऊन असे तेव्हां गाडी कचेरीच्या आवारांत, आणि गाडी घरीं येई तेव्हां ऊन कललेलें. या विषयावर मीं चार दिवस उपदेश केल्यावर कन्या शांतपणें म्हणाली, “बाबा, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण त्यांत माझा वेळ कोठें मांडला आहे?” मी निरुत्तर झालों. काटकसरीचा धडा मीं देत होतों, आणि तो गिरविण्याचा भार सारा तिच्यावर होता.

मग आम्ही दोघें वही घेऊन बसलों. कचेरीचे चार दिवस व बाजारहाट मिळून आठवड्यास दोनशे किलोमीटर. त्यास लागणार सुमारें चौतीस युनिटें. बुधवारीं ती घरूनच काम करते, शनिवार-रविवार सुटी. तीन दुपारीं साडेअकराप्रमाणें झालीं साडेचौतीस! अकरा ते चार ही वेळ गाडींतच नेमून ठेविली. त्या तीन दिवशीं तारेचें टोंक लावलें कीं काम झालें. इतकी वीज विकून एक डॉलरच्या आसपास येई. विकत घेतां साडेनऊ जात. आठवड्यास आठ डॉलरांहून अधिक उरूं लागले, आणि कोणाची झोंप वा धांदल त्यांत खर्ची पडली नाहीं.

हें बारमाही चालेल असें मात्र नव्हे. तेथील हिवाळ्यांत, म्हणजे जून-जुलैंत, उत्पन्न उन्हाळ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतें. कांहीं कंपन्या मध्यरात्रीनंतर गाडीकरितां बराच स्वस्त दर देतात. तेथेंहि दुपारचा हट्ट धरूं नये.

आपल्या महाराष्ट्रांत गणित निराळें आहे. येथील ‘नेट मीटरिंग’ पद्धतींत आपण दिलेलीं युनिटें घेतलेल्या युनिटांतून वजा होतात. म्हणजे कंपनीच्या ताराच आपलें कोठार. त्यामुळें गाडी रात्रीं चार्ज केली म्हणून येथें तसें नुकसान होत नाहीं. परंतु उत्तेजनाचे दर चिरकाल टिकत नाहींत, हें मेलबर्नच्या उदाहरणावरून दिसतें. शिवाय स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांस १ जुलै २०२५ पासून सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ या वेळच्या विजेवर सवलत मिळूं लागली. वारा कोणीकडून वाहतो तें यावरून ओळखावें. ज्यांची गाडी दुपारीं घरीं असते त्यांनीं ही संवय आतांच लावून घ्यावी. गाडीकरितां स्वतंत्र तार व चांगलें अर्थिंग असावें. एक्स्टेंशन बोर्डावर ती कदापि लावूं नये.

मार्चांत आम्ही परत निघालों. तो नेमका बुधवार होता. विमानतळावर उतरवितांना कन्या म्हणाली, “बाबा, आजचीं साडेअकरा युनिटें तुमच्यामुळें बुडालीं हं!” तिचे डोळे पाणावले होते. तेवढें नुकसान मात्र मीं हिशेबांत धरलें नाहीं.