उन्हाची शिदोरी

भाताच्या रोपाला तोंड नाही, तरी ते जेवते. कसे जेवते? मुळांनी पाणी ओढते, पानांनी हवेतला कर्बवायू घेते आणि उन्हाच्या जोरावर त्या दोहोंची साखर करते. उन्हातली शक्ती त्या साखरेत बांधून राहते. फडक्यात शिदोरी बांधावी ना, तशी! आपण भात खातो तेव्हा ही गाठ सोडतो.

कोणी म्हणेल, रोपाचे जेवण म्हणजे खत. तसे नाही. खत म्हणजे जेवणातले मीठ. बदलापूरकडचे शेतकरी पालापाचोळा नि शेण पसरून राब भाजतात. त्या राखेतून रोपाला क्षार मिळतात. पाल्यातली शक्ती मात्र जाळ होऊन केव्हाच उडून गेलेली असते.

आता खाचराच्या बांधावर उभे राहून पाहा. नाकतोडा भाताचे पान खातो. नाकतोड्याला बेडूक खातो. बेडकाला धामण गिळते, आणि धामणीवर घार झडप घालते. शिदोरी अशी हातोहात पुढे जाते. पण प्रत्येक हात तिच्यातले बरेचसे स्वतः खातो. नाकतोडा उड्या मारतो, बेडूक रात्रभर ओरडतो, दोघे श्वास घेतात. ह्या सगळ्याला शक्ती लागते, आणि खर्चलेली शक्ती उष्णता होऊन हवेत जाते. ती परत येत नाही. पुढच्याच्या पदरात पडतो साधारण दहावा हिस्सा, कधी थोडा कमी, कधी जास्त. हिशोब करा. हजार किलो पाल्यावर शंभर किलो नाकतोडे, त्यावर दहा किलो बेडूक, आणि त्यांवर धामण एक किलोचीच. म्हणून शिवारात नाकतोडे हजारो, पण घारी दोन-चार. अमेरिकेतल्या एका लहानशा तळ्यावर रेमंड लिंडेमन नावाच्या तरुणाने असा हिशोब मांडला. तो १९४२ साली छापून आला, पण त्याआधीच तो बिचारा वारला होता.

अर्थात ही एकच साखळी नाही. बेडूक तुडतुडेही खातो, धामण उंदीरही धरते, बगळा बेडूक आणि मासा दोन्ही टिपतो. जाळ्याचा एक दोरा तुटला की दुसरीकडे ताण पडतो. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. शेतातले बेडूक पोत्यांनी गेले, मग कीड खाणार कोण? १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली.

आता वलगणीचे बघू. मृगाचा पाऊस जोरात झाला, नाले फुगले, की उल्हास नदीतले मासे उलट्या धारेने वर चढतात, थेट खाचरांपर्यंत. का? नदीत लोंढा असतो. खाचरात पाणी उथळ, उबदार. पिलांना शेवाळ नि बारीक किडे तयार. मासे पोटात अंडी घेऊन येतात. वर्षभर खाल्लेले सारे त्या अंड्यांत भरलेले असते. वलगणीचा मासा इतका चवदार का, ते आता कळले ना? चार मासे धरले तर काही बिघडत नाही. आदिवासींच्या घरी त्या दिवसांत त्यांचाच आधार. पण नाल्याला आडवे जाळे लावून एकूण एक मासा उचलला, तर अंडी घालायला वर कोण पोचणार? आणि पोचला, तरी आता बऱ्याच ठिकाणी खाचर नाही. तिथे इमारत उभी आहे.

उल्हासनगर हे नाव १९४९ साली ह्याच नदीवरून पडले. तिची एक लहान बहीण आहे, वालधुनी. ती अंबरनाथच्या डोंगरात उगम पावते, १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणला उल्हासला मिळते. ऊन तिच्यावरही तेवढेच पडते. पण तिच्यात गटारांचे आणि कारखान्यांचे पाणी आले. गटाराच्या घाणीतही शक्ती असते बरे का, आणि ती खायला सूक्ष्म जंतू धावतात. खाताना ते पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासा गुदमरतो. त्यात वर जलपर्णी पसरली, की खालच्या शेवाळाला ऊनच मिळत नाही. मग जेवतात फक्त जंतू. बगळ्याच्या वाट्याला काही उरत नाही. कारखान्याचे विष आले, तर पुष्कळसे जंतूही मरतात. २०१४ साली उल्हासनगरात टँकरमधले रसायन रात्री वालधुनीत ओतले गेले. त्याच्या वायूने शेकडो माणसे आजारी पडली.

काही विषे मरून जात नाहीत, हेही ध्यानात ठेवा. पाऱ्यासारखे विष शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात चढत जाते. शक्ती पायरीपायरीने घटते, विष मात्र पायरीपायरीने साचते. आणि मोठा मासा बाजारातून आपल्याच घरी येतो.