मुळशीच्या दऱ्यांचा दर्या

ताम्हिणीत पहिला पाऊस उतरला की चार ओळी लिहायचा मोह आवरत नाही. लिनक्स असलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी लिहिलं, 'मुळशीच्या दऱ्या धुक्यानं भरल्या.' तोच मजकूर दुसऱ्या एका ठिकाणी चिकटवला, तर तिथे 'मुळशीच्या दर्या'! याच खोऱ्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांसह शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. तेव्हा इथल्या दऱ्यांत पाणी भरायला अख्खं धरण बांधावं लागलं. माझ्या दऱ्यांचा दर्या मात्र डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह गळाल्यानं झाला.

गंमत अशी, की संगणकाच्या लेखी र, हलन्त आणि य एकत्र आले की रफार होतो: र्य. 'आचार्याला' लिहायला ते पुरतं, 'आचाऱ्याला' लिहायला नाही. गुरुजी आणि स्वयंपाकी यांच्यात मराठी जो फरक करते, तो दाखवायला युनिकोडमध्ये दोन वाटा आहेत. एका वाटेवर र आणि हलन्तानंतर शून्य रुंदीचं एक जोडचिन्ह ठेवायचं. ते जागा घेत नाही, छापलं जात नाही, आणि एखादी प्रणाली 'मजकूर स्वच्छ' करताना त्याला कचरा समजून झाडून टाकते. माझं तेच झालं होतं. दुसऱ्या वाटेवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. युनिकोडच्या तक्त्यात त्याच्यापुढे नोंद आहे ती द्रविड भाषांतला एक र देवनागरीत लिहिण्यासाठी म्हणून! आपल्या दऱ्याखोऱ्यांतला आडवा र म्हणजे त्या दाक्षिणात्य पाहुण्याचं अर्धं रूप. पडद्यावर दोन्ही वाटांचा शब्द अगदी सारखा दिसतो, पण साधा शोध घेतला तर एकाला दुसरा सापडत नाही.

मग मी कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत काय घडतं, याचा माग काढत गेलो. लिनक्सच्या गाभ्याला मराठी कळत नाही, त्याच्यापर्यंत फक्त कळीचा क्रमांक पोहोचतो. उच्चारानुसार टंकत असाल तर आयबस नावाची टंकनयंत्रणा मध्ये येते, आणि तिच्यामागे बहुतेकदा एम१७एन हे जपानमध्ये घडलेलं भांडार असतं. अक्षरं एकमेकांत गुंफायचं काम हार्फबझ करतं, हे नाव फारसीतून आलेलं. शेवटी रूप देतो फॉन्ट. लोहित फॉन्ट असेल, तर त्याची निगा रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी राखलेली. एका 'ऱ्या'साठी जपान, इराण आणि पुणे!

इतक्या हातांतून काम जातं म्हटल्यावर कुणाचा तरी निर्णय कुणाला तरी खुपणारच. २०११ मध्ये लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आली आणि खिडकी खाली सारायचं बटणच नाहीसं झालं. खालची पट्टी काढून टाकली, मग बटण कशाला, असा रचनाकारांचा सरळ तर्क. लोक भडकले. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स वैतागून एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपकडे गेले, आणि अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं जुनं ग्नोम उचलून 'माते' नावानं पुढे चालवलं. ते नाव तिकडच्या एका पेयाचं आहे, आपल्या आरतीतलं नव्हे.

बटणावरून एवढा गहजब मला जरा जास्तच वाटतो. माझी तक्रार वेगळी आहे: सारखी दिसणारी दोन 'ऱ्या' निराळी आहेत, हे प्रणाली वापरणाऱ्याला कुठेच सांगत नाही. ही चूक बटण काढण्याहून मोठी, कारण ती दिसतच नाही. पण या प्रणालीत वैताग त्याच्या मुळापर्यंत नेता येतो. लिनक्सचं उबुंटू किंवा फेडोरा असलेल्या संगणकात कळफलकांच्या फोल्डरमध्ये 'इन' नावाची, म्हणजे इंडियाची, साधी मजकूर-फाईल असते. ती उघडली तर एकाच कळीच्या कंसात र आणि ऱ यांचे क्रमांक शेजारीशेजारी बसलेले दिसतात: ०९३० आणि ०९३१. ती वाचायला कुठलंही कुलूप नाही. पटत नसेल तर आपल्यापुरतं बदलून घ्या.

नाहीतर इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे दाबा, मग हलन्तासाठी डी, मग 'या'. अशा लिहिलेल्या 'ऱ्या'त अदृश्य चिन्ह नसतं, त्यामुळे गळायलाही काही उरत नाही.